आधी तपासणी कुणाची?

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. बायकोला दाखवून, तिच्या परवानगीनेच टाकतोय.

आमच्या कपाटात दोन फायली आहेत. एक बायकोची, जाडजूड. सोनोग्राफ्या, थायरॉइड, हार्मोन, ट्यूब टेस्ट, एक लॅप्रोस्कोपी, शिवाय मधल्या काळातल्या उपासतापास, नवस आणि दोन जोतिष्यांच्या कागदांचा हिशेब वेगळाच. दुसरी फाईल माझी. त्यात सुरुवातीला एकच पान होतं. ते पान यायला अडीच वर्षं लागली. तपासणी साधी, सुईसुद्धा टोचावी लागत नाही, पैसे बायकोच्या एका सोनोग्राफीइतकेही नाहीत. तरी ती सगळ्यात शेवटी झाली. रिपोर्टमध्ये काउंट खूप कमी आणि शुक्राणूंची हालचाल त्याहून कमी.

अडीच वर्षांत मला कुणीच ‘तू तपासून घे’ म्हणालं नाही. आईने नाही, मित्रांनी नाही, पहिल्या डॉक्टरांनीही फार उशिरा. आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःहून म्हणालो नाही. हे असं का झालं, हा प्रश्न डोक्यातून जाईना. इतिहास वाचायची सवय आहे, म्हणून मागे मागे जात राहिलो. जे सापडलं ते इथे मांडतोय.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत ‘वांझ’ हा शब्द बाईसाठी आहे, गाईसाठी आहे, जमिनीसाठीही आहे. पुरुषासाठी नाही. ‘वांझोटी’ला पुल्लिंगी रूप बोलण्यात ऐकलंय का कधी? पुरुषाला शिवी आहे ती षंढ, नपुंसक. पण तो अर्थ वेगळा. संबंध ठेवता न येणं ही एक गोष्ट आणि वीर्यात पुरेसे शुक्राणू नसणं ही दुसरी. धडधाकट, दाढीमिश्या असलेल्या, संसार नीट चाललेल्या माणसाच्या वीर्यात शुक्राणू शून्य असू शकतात आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. या अवस्थेसाठी बोलीभाषेत शब्दच नाही. ‘पुरुष वंध्यत्व’ हा दवाखान्याच्या पाटीवरचा शब्द. ज्याला शब्द नाही, त्याचा संशय तरी कसा येणार?

आता धर्मशास्त्र. तिथली उपमा शेतीची: बाई म्हणजे क्षेत्र, पुरुष म्हणजे बीज. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज आणि क्षेत्र यांत श्रेष्ठ कोण याची चर्चा आहे आणि झुकतं माप बीजाला आहे. जसं बीज तसं पीक. ठीक. पण त्याच अध्यायात पुढे सांगितलंय की बायको वांझ असेल तर आठव्या वर्षी दुसरी करावी, मुलं जगत नसतील तर दहाव्या वर्षी, फक्त मुलीच होत असतील तर अकराव्या वर्षी. म्हणजे पीक आलं तर श्रेय बीजाचं आणि नाही आलं तर दोष जमिनीचा! कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. उगवण झाली नाही तर तो आधी बियाण्याच्या पिशवीकडे बघतो.

सगळं शास्त्र एकसुरी मात्र नाही. नारदस्मृती हीच उपमा घेऊन उलटा निष्कर्ष काढते: ज्याच्याकडे बीज नाही, त्याला क्षेत्र मिळण्याचा अधिकार नाही. लग्नाआधी वराची परीक्षा करावी, असंही तिथे आहे. नारद आणि पराशर यांच्या स्मृतींत एक प्रसिद्ध श्लोक आहे, ज्यात पाच आपत्तींमध्ये स्त्रीला दुसरा पती करण्याची मोकळीक दिली आहे. नवरा बेपत्ता होणं, मरणं, संन्यास घेणं, पतित होणं, आणि पाचवी आपत्ती म्हणजे नवरा क्लीब असणं. हा तोच श्लोक, ज्याच्या आधारावर बंगालात ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आणि आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडितांनी विधवाविवाहाची बाजू लढवली. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर यावर मोठा वाद झाला आणि सुधारकांच्या विरोधात निकाल गेला. त्या सगळ्या भांडणात चर्चा झाली ती ‘मेलेल्या’ नवऱ्याची. श्लोकातला पाचवा नवरा तसाच बाजूला राहिला.

पुराणकथांकडे बघितलं तर आपले पूर्वज आपल्यापेक्षा मोकळे वाटतात. दशरथाला तीन राण्या आणि तिघींनाही मूल नाही. आजचा कुठलाही डॉक्टर म्हणेल, महाराज, आधी तुम्ही या. कथेत ऋष्यशृंग येतो, पुत्रकामेष्टी होते, आणि पायस दिलं जातं राण्यांना! महाभारत आणखी स्पष्ट आहे. विचित्रवीर्याचा अंबिका आणि अंबालिकेशी सात वर्षं संसार झाला, मूल झालं नाही, तो क्षयाने गेला. मग सत्यवतीने व्यासांना बोलावलं. पांडूला तर शापच होता. पण पांडूची एक गोष्ट मला विशेष वाटते. तो लपवत नाही. स्वतः कुंतीजवळ बसून विषय काढतो, नियोगाचे दाखले देतो, तिची समजूत घालतो. जन्मलेल्या पाचांना जगाने पांडव म्हटलं, पांडूचे म्हणूनच. मनुस्मृतीत हा नियोग आधी मान्य केलेला दिसतो आणि लगेच पुढे निषिद्ध ठरवलेला दिसतो. समाज मध्ये कुठेतरी बदलला, त्याची ही खूण.

वैद्य काय म्हणत होते? आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अख्खं अंग, वाजीकरण, पुरुषासाठी आहे. चरकाने वीर्याचे आठ दोष सांगितलेत: फेसाळ, पातळ, रुक्ष, रंग बदललेलं, दुर्गंधी वगैरे. सुश्रुताच्या शारीरस्थानात तर स्पष्ट म्हटलंय की अशा दूषित वीर्यातून संतती होत नाही. सूक्ष्मदर्शक नव्हता, त्यामुळे निदान रंग-वासावरून. उपाय कितपत चालत असतील तो वेगळा विषय. पण दोष पुरुषातही असतो हे वैद्याला दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होतं. ते ज्ञान पोथीत राहिलं. माजघरात पोचलं ते फक्त ‘वांझ’.

सूक्ष्मदर्शकाची गोष्ट १६७७ सालची. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापड व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहुक स्वतः भिंगं घासायचा. त्याने वीर्याचा थेंब भिंगाखाली ठेवला आणि वळवळणारे लाखो जीव पाहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिताना बिचारा इतका संकोचला की नमुना कुठल्या पापाचा नसून वैवाहिक संबंधातलाच आहे असा खुलासा केला आणि विद्वानांना किळस वाटणार असेल तर छापू नका असंही कळवलं. म्हणजे वीर्यतपासणीचा संकोच तिच्या जन्मापासूनचा आहे.

पुढची दोनशे वर्षं डॉक्टर मंडळी या जीवांबद्दल वाद घालत राहिली, पण मूल न झालेल्या जोडप्यात आधी बाईलाच टेबलावर घेत राहिली. १८८४ सालचं अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं एक प्रकरण वाचून मी बराच वेळ सुन्न बसलो होतो. एक श्रीमंत व्यापारी आणि त्याची बायको डॉ. विल्यम पँकोस्ट यांच्याकडे आले. बाईची कसून तपासणी झाली. काहीच सापडलं नाही. मग नवऱ्याचं वीर्य पाहिलं तर शुक्राणू शून्य. तरुणपणी परमा होऊन गेला होता. उपचार लागू पडेनात. शेवटी डॉक्टरांनी बाईला तपासणीच्या नावाखाली क्लोरोफॉर्म दिला आणि वर्गातल्या एका विद्यार्थ्याचं वीर्य तिच्या गर्भाशयात सोडलं. तिला मुलगा झाला. नवऱ्याला नंतर सांगितलं, तो खूश झाला. फक्त म्हणाला, बायकोला कळू देऊ नका. तिला ते कधीच कळलं नाही. हे जगासमोर आलं १९०९ साली, पंचवीस वर्षांनी, तिथे हजर असलेल्या एकाने वैद्यकीय मासिकात लिहिल्यावर. दात्याच्या वीर्याने झालेल्या गर्भधारणेची ही वैद्यकातली पहिली नोंदलेली घटना मानतात. नवऱ्याची लाज राखायला बायकोची शुद्ध हरपवली, एवढं लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आता आपल्या पुण्यात येऊ. त्याच काळात इथे एक जोडपं होतं. लग्न १८४० साली झालेलं. वर्षं सरली, मूल नाही. नातेवाइकांचा लकडा सुरू झाला, दुसरी कर. कायदा आड येत नव्हता, रूढी तर मदतीलाच होती. नवऱ्याने नकार दिला. चरित्रांतून सांगितलं जातं ते असं: मूल होत नाही याचा दोष बायकोतच कशावरून, तो नवऱ्यातही असू शकतो. आणि त्या कारणाने बायकोने दुसरा नवरा आणला तर तुम्हाला चालेल का? हे जोडपं म्हणजे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले.

दोष कुणात होता हे कुणालाच माहीत नाही आणि शोधायची गरजही नाही. मुद्दा असा की वीर्यतपासणी नावाची गोष्ट पुण्यात कुणी ऐकलीही नसेल तेव्हा एका पुरुषाने निव्वळ न्यायबुद्धीने तो दोष स्वतःच्या बाजूलाही असू शकतो असं धरलं. पुढे ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या पुस्तकात त्यांनी हाच युक्तिवाद सगळ्या समाजापुढे ठेवला, की दोन-तीन बायका करणाऱ्यांनी बाईने दोन-तीन नवरे केले तर कसं वाटेल याचा विचार करावा.

आणि ते नुसतं बोलून थांबले नाहीत. १८६३ साली त्यांनी घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं. काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा तिथे बाळंत झाली आणि त्या मुलाला जोतीराव-सावित्रीबाईंनी आपलं केलं. तो यशवंत. १८८७ च्या मृत्युपत्रात वारस म्हणून यशवंतचं नाव आहे. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलाने टिटवं धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली आणि सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतलं, असं सांगतात. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात आई रुग्ण आणत होती आणि मुलगा उपचार करत होता. त्यातच सावित्रीबाई गेल्या. रक्ताचं नातं नसलेलं ते घर बघा आणि वारस म्हणजे काय ते ठरवा.

विसाव्या शतकात या विषयावर मराठीत तोंड उघडलं ते र. धों. कर्व्यांनी. गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यांना आपण मुलं ‘होऊ न देण्या’साठी ओळखतो. पण १९२३ साली त्यांनी गुप्तरोगांपासून बचावावरही पुस्तक काढलं होतं. परमा हे पुरुषाच्या वंध्यत्वाचं त्या काळातलं एक मोठं कारण. नवरा बाहेरून रोग आणायचा, तो बायकोला व्हायचा, तिच्या नळ्या बंद पडायच्या, आणि वांझ ठरायची ती. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये कर्व्यांवर खटला झाला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण प्रश्न विचारणं हा गुन्हा नाही हे निदान कुणीतरी कोर्टात म्हणालं.

दुसऱ्या बायकोचा प्रश्न मात्र तसाच होता. १९४६ मध्ये मुंबई प्रांताने हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी घातली. कायद्याला आव्हान मिळालं. एक युक्तिवाद असा की हिंदूला मोक्षासाठी पुत्र हवा, म्हणून दुसरं लग्न हा धर्माचा भाग. १९५१ साली नरसू अप्पा माळी खटल्यात मुंबई हायकोर्टात न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांच्यापुढे हे आलं. छागलांचं उत्तर साधं होतं: पुत्र हवा असं जो धर्म सांगतो तोच धर्म दत्तकही मान्य करतो, मग एका बायकोच्या चौकटीत वंश चालू शकतो. फुल्यांनी घरात केलं ते सत्तर-ऐंशी वर्षांनी हायकोर्टाच्या निकालपत्रात आलं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही बंदी देशभर झाली. आजही त्या कायद्यात मूल न होणं हे घटस्फोटाचं कारण नाही. नातेवाइकांना हे जरूर सांगा.

मग आली टेस्ट ट्यूब बेबी. जुलै १९७८ मध्ये इंग्लंडात पहिली, ऑक्टोबरात कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुसरी. त्यांना सरकारी समितीने खोटं ठरवलं, १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली, ती शोकांतिका वेगळी. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हाताखाली मुलगी जन्मली. परळचं मराठी कामगारांचं महापालिकेचं रुग्णालय आणि तिथे हे घडलं, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण हे तंत्र मुळात बंद नळ्यांच्या बायकांसाठी होतं. शुक्राणू अगदीच कमी असतील तर बशीत ठेवूनही ते बीजात शिरत नसत. ती कोंडी फुटली १९९२ साली, ब्रुसेल्समध्ये. एकच शुक्राणू बारीक सुईने थेट बीजात सोडायचा, इक्सी. लाखोंची गरज संपली, एक पुरे.

मी या शोधाचा ऋणी आहे. पण त्यातली गंमत बघा. दोष माझ्या रिपोर्टमध्ये आणि पोटावर रोज इंजेक्शन बायकोला. बीजं काढायला भूल तिला, सूज तिला, पाळी आली की रडू तिला. मी एका खोलीत एक डबी भरून दिली. फिलाडेल्फियातली ती बाई आठवली. फरक इतकाच की माझ्या बायकोला सगळं माहीत होतं आणि प्रत्येक कागदावर तिची सही होती. हा फरक लहान नाही.

२०२१ मध्ये आपल्याकडे या दवाखान्यांसाठी कायदा आला. लेखी संमती सक्तीची, नोंदणी सक्तीची, एका दात्याचं वीर्य एकाच जोडप्याला, आणि जन्मलेलं मूल कायद्याने त्या जोडप्याचं, दात्याचा हक्क नाही. कायदा चांगला आहे. पण तो दवाखान्याच्या दारापासून सुरू होतो. त्याआधीची अडीच वर्षं घरात जातात. त्र्यंबकेश्वरला नारायण-नागबळी होतो, हळदीकुंकवाला कुणी ओटी भरायचं टाळतं, ‘गोड बातमी कधी’ विचारलं जातं, आणि सगळं बाईच्या अंगावर.

काही गोष्टी रोखठोक सांगतो. मूल होत नसलेल्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं, कधी एकट्याचं, कधी दोघांचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीत शुक्राणूंची खालची मर्यादा एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख धरलीय. पण त्याखाली असला म्हणजे संपलं असं नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. मध्ये ताप, आजार झाला तरी आकडा पडतो, म्हणून तपासणी पुन्हा करतात. अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, वयात आल्यावर झालेले गालगुंड, जंतुसंसर्ग, हार्मोन, गुणसूत्रं, तंबाखू-दारू, अशी कारणं बरीच आहेत आणि काहींवर उपाय आहे. स्नायू फुगवायला घेतलेल्या इंजेक्शनांनीही शुक्राणू बंद पडतात, जिमवाल्या पोरांनी ऐकून ठेवा. आणि पेपरातल्या ‘मर्दानगी’च्या जाहिरातींचा याच्याशी काहीही संबंध नाही.

आमचं पुढे काय झालं? इक्सी एकदा केली, लागली नाही. पुन्हा करायची की दत्तकासाठी नाव नोंदवायचं, बोलणं चालू आहे. घाई नाही.

एक गोष्ट मात्र झाली. रिपोर्ट आल्यावर आठ महिने मी आईला काही सांगितलं नव्हतं. ती सुनेला उपास सांगत होती आणि बायको निमूट करत होती, माझ्यासाठी. हे सगळं वाचताना मला माझीच लाज वाटली. पांडू सांगू शकला, जोतीराव गृहीत धरू शकले, मी रिपोर्ट हातात असून गप्प. एका रविवारी सकाळी आईला सांगून टाकलं. ती दोन दिवस काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला, सुनेला अमक्या देवीला ने म्हणून. आई म्हणाली, “तिच्यात काही खोट नाही गं. आमच्याच पोराचं औषध चालू आहे.” आणि फोन ठेवून भाजी निवडायला बसली.

बायको आत होती. तिने ऐकलं.

म्हणून ही पोस्ट. लग्नाला वर्ष झालं आणि मूल हवंय पण होत नाही, अशी पुरुषमंडळी यादीत असतील तर त्यांना एवढंच सांगणं: पहिली तपासणी तुमची करा. स्वस्त आहे, दुखत नाही, दोन-चार दिवसांत कळतं. आणि जे कळेल ते घरात स्वतःच्या तोंडाने सांगा.